काच-सफाईच्या धंद्याची पहिली गाडी: किंमत विचारण्याआधी पाण्याचे वजन करा

काच-सफाईच्या कामात उतरलेली आपली मुले साधारण एकाच वाटेने पुढे जातात. सुरुवातीला स्कूटर, तिच्यावर बादली, रबरी वायपर आणि कापडांची पिशवी. बाजारातली आठ-दहा दुकाने महिन्याच्या बोलीवर मिळतात. मग एखाद्या दवाखान्याच्या किंवा शोरूमच्या दर्शनी काचा येतात, शिडी लागते, मदतीला धाकटा भाऊ येतो आणि घरात गाडीचा विषय निघतो. तिथे चर्चा होते ती मॉडेल आणि हप्त्याची. खरा पहिला प्रश्न मात्र असा आहे की, पाणी तुम्ही सोबत नेणार की गिऱ्हाइकाच्या नळाचे वापरणार?

बादली-वायपरच्या कामात एका दुकानाला पाच-दहा लिटर पाणी पुरते आणि ते तिथेच मिळते. एवढेच काम असेल तर टाकीची गाडी घेऊच नका. शिडी आणि सामान सुरक्षित राहील अशी लहान गाडी बस्स. दुसरी पद्धत लांब दांड्याची. जमिनीवर उभे राहून दोन-तीन मजल्यांपर्यंतच्या काचा ब्रशने घासायच्या आणि त्याच दांड्यातून येणाऱ्या पाण्याने धुवायच्या. यात काच पुसत नाहीत, ती तशीच वाळते. म्हणून पाण्यात क्षार जवळजवळ नसावे लागतात, नाहीतर पांढरे ठिपके उरतात. पिण्याच्या पाण्यासाठी सरकारी मानकात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. काचेला मात्र दहाच्या आत हवे. असे पाणी गिऱ्हाइकाच्या नळाला येत नाही. बोअरवेल आणि टँकरच्या पाण्यात तर क्षार भरपूर. ते घरी किंवा गाळ्यावर फिल्टर करून टाकीत भरून न्यावे लागते.

आणि इथेच गाडीचे गणित बदलते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. गाडीच्या आरसीवर दोन आकडे असतात: रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीचे कमाल वजन. दोहोंतला फरक म्हणजे तुमची मर्यादा, आणि त्यात तुम्ही स्वतःही आलात. समजा हा फरक ५५० किलो आहे. दोन माणसांचे १४० किलो, २५० लिटर पाणी, टाकी आणि तिची लोखंडी चौकट ३० किलो, पंप-बॅटरी-फिल्टर ५० किलो, शिडी-दांडे-बादल्या ५० किलो. झाले ५२०. म्हणजे बाहेरून एवढी ऐसपैस दिसणारी गाडी २५० लिटरलाच भरली. मागे जागा आहे म्हणून कोणी ५०० लिटरची टाकी बसवून देतो म्हणाला, तर त्याला आरसी दाखवा. जादा वजनाचा दंड २०१९ पासून २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० असा आहे. दंडापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे ब्रेक. उतारावर जड गाडी लवकर थांबत नाही.

टाकी बांधायची कशी, यावर फार कमी लोक विचार करतात. ताशी ४० किलोमीटरच्या वेगात गाडी आपटून थांबली, तर मागची टाकी ज्या जोराने पुढे येते तो जोर तीच टाकी सहा मीटरवरून, म्हणजे जवळपास दोन मजल्यांवरून पडल्याइतका असतो. तिच्या पुढे तुम्ही बसलेले असता. रबरी पट्टा किंवा सुतळी इथे काही कामाची नाही. टाकीला चौकट हवी, चौकट गाडीच्या चासीला बोल्टने कसलेली हवी, आणि टाकीच्या आत आडवे पडदे हवेत, म्हणजे अर्धी भरलेली टाकी वळणावर डचमळत नाही. पडदे नसलेली घरगुती काळी टाकी स्वस्त पडते हे खरे, पण ती गच्चीवर शोभते. कायमची चौकट बसवताना किंवा आसने काढताना मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ लागू होऊ शकते. आरसीवरची माहिती बदलेल असा कोणताही फेरफार आरटीओच्या परवानगीशिवाय करू नये, नाहीतर अपघातानंतर विमा कंपनीला दावा नाकारायला आयते कारण मिळते.

कोणती गाडी?

आपल्याकडे पहिली गाडी म्हणून दोन नावे हमखास निघतात. एक मारुतीची ईको कार्गो, दुसरी २००५ साली आलेली टाटा एस, जिला सगळे छोटा हत्ती म्हणतात. ईको बंद अंगाची आहे, बाजूचा दरवाजा सरकतो, अरुंद गल्लीत सामान काढायला सोपी, रात्री मोहल्ल्यात उभी केली तरी दांडे-पंप कुलपात. छोटा हत्ती वजन जास्त घेतो, पण मागचा हौदा उघडा. त्यावर बंद पेटी बसवायची तर खर्च वेगळा आणि तिची नोंद आरसीवर हवी. लांब दांड्याचे काम दोन माणसांनी करायचे असेल तर माझे मत ईकोसारख्या बंद गाडीकडे झुकते. मोठी टाकी खरोखरच लागत असेल तरच हत्ती.

पण माणसे मोजा. या मालवाहू गाड्यांत बहुधा चालकासह दोघांचीच आसने असतात. तिसऱ्या पोराला मागे टाकीशेजारी बसवण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. ते बेकायदा तर आहेच, शिवाय काही झाले तर त्याच्या घरच्यांना भरपाईसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. टोळी तिघांची असेल तर तिसरा बसने किंवा स्कूटरवर येईल.

उंचीही बघा. ईकोची उंची १,८२५ मिलिमीटर. वर कॅरिअर आणि शिडी चढली की ती सहज दोन मीटरपलीकडे जाते. मॉलच्या आणि ऑफिसांच्या तळघरात शिरताना छतावर उंचीची पाटी असते. कायमची गिऱ्हाइके जिथे आहेत तिथली पाटी आधी वाचून या. सीएनजी स्वस्त पडतो, पण काही गाड्यांत सिलिंडर सामानाची जागा खातो आणि त्याचे वजनही धरावे लागते. शोरूममध्ये मोजपट्टी आणि तुमची मिटलेली शिडी घेऊन जा, लाजू नका.

आणखी एक साधी गोष्ट: पाणी भरणार कुठे? मिनिटाला दहा लिटरच्या नळाने २५० लिटर भरायला २५ मिनिटे लागतात. फिल्टरमधून तर त्याहून कितीतरी जास्त. सकाळी तासभर पाणी येणाऱ्या वस्तीत हे शेजाऱ्यांशी भांडणाचे कारण होते. गाळ्यावर वेगळी टाकी ठेवून रात्रभर भरून घेणे बरे.

कागद आणि पैसा

मालवाहू म्हणून नोंदलेल्या गाडीला पिवळी पाटी आणि फिटनेस लागते. नव्या गाडीला पहिली दोन वर्षे, मग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. भरलेल्या गाडीचे वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर परमिट लागत नाही. साधा हलक्या वाहनाचा परवाना अशा गाडीला चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. एजंट वेगळ्या बॅजचे पैसे मागत असेल तर हे लक्षात ठेवा.

कर्ज घेणार असाल तर फ्लॅट दर आणि घटत्या शिलकीवरचा दर यातला फरक समजून घ्या. पाच लाख रुपये, पाच वर्षे, दहा टक्के फ्लॅट म्हणजे महिना १२,५०० रुपये. तेच दहा टक्के घटत्या शिलकीवर असतील तर साधारण १०,६२५. म्हणजे फ्लॅट दहा हा प्रत्यक्षात सतरा टक्क्यांच्या आसपास जातो. शिवाय जून ते सप्टेंबर बाहेरच्या काचांचे काम खाली येते, हप्ता येत नाही. व्याज टाळायचे म्हणून अनेक घरांत भिशी, अब्बांची शिल्लक किंवा मामूंकडून घेतलेली रक्कम वापरली जाते. ते चांगलेच, फक्त मामूंचे पैसे उसने आहेत की धंद्यातली भागीदारी, हे त्याच दिवशी कागदावर लिहा. गाडी कोणाच्या नावावर आणि वेगळे झालो तर कोणाकडे, हेही.

रोखीत जुनी गाडी घेणे पहिल्या वर्षी बहुतेकांना परवडते. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्यामुळे विकणारा जुन्या नव्या-किमतीशी तुलना करत असेल तर आजची किंमत विचारून घासाघीस करा. परिवहनच्या साइटवर गाडीवरचा बोजा, थकलेली चलने, फिटनेस आणि विमा दिसतो. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. गाडी मेकॅनिककडे वर उचलून चासी बघा, विशेषतः कोकणपट्टीतली असेल तर. मासळी वाहिलेली गाडी स्वस्त मिळते, पण खारे पाणी वर्षानुवर्षे खाली झिरपलेले असते, आणि टाकीची चौकट नेमकी त्याच पत्र्यावर कसायची असते. चालवून बघताना रिकामी चालवू नका. चार माणसांइतके वजन टाकून एखादा चढ चढवा आणि उतारावर दोनदा ब्रेक दाबून पाहा.