टुंड्रा : झाडे नेमकी कुठे थांबतात?

टुंड्रा म्हणजे उत्तर ध्रुवाभोवतीचा वृक्षहीन प्रदेश. हिवाळ्यातील कडाक्याच्या थंडीमुळे तिथे झाडे नाहीत, असा सर्वसाधारण समज आहे. पण सायबेरियातील वर्खोयान्स्क येथे पारा उणे ६७ अंश सेल्सिअसच्याही खाली गेल्याची नोंद आहे आणि त्या परिसरात लार्च वृक्षांचे जंगल आहे! त्याहून सौम्य हिवाळा असलेल्या आर्क्टिक किनाऱ्यावर मात्र झाड दिसत नाही. खरा फरक उन्हाळ्याचा. सर्वांत उबदार महिन्याचे सरासरी तापमान साधारण १० अंशांच्या खाली राहिले, की उंच खोड वाढवण्याइतकी ऊब मिळत नाही. शेवाळे, दगडफूल आणि खुरटे विलो जमिनीलगतच्या उबेवर तगतात.

जमिनीखाली वर्षानुवर्षे गोठलेला थर असतो. त्याला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. उन्हाळ्यात फक्त वरचा थर वितळतो. पाणी खाली मुरत नाही, म्हणून पाऊस-बर्फ वाळवंटाइतके कमी पडूनही सगळीकडे दलदल होते. हिवाळ्यात जमिनीला भेगा पडतात, वसंतात त्यांत पाणी शिरून गोठते. शेकडो वर्षे हेच चालल्यावर बर्फाच्या पाचरी जाड होतात आणि जमिनीवर बहुकोनी नक्षी उमटते.

जंगलाची सीमा नकाशावर रेघ दिसते, प्रत्यक्षात तो पट्टा असतो. झाडे विरळ आणि बुटकी होत जातात. आडोशाच्या नदीखोऱ्यांतून मात्र जंगल उत्तरेकडे घुसते. तैमिर द्वीपकल्पावरील आरी-मास हे लार्चचे जंगल ७२ अंश उत्तर अक्षांशाच्याही पलीकडे, टुंड्राने वेढलेले आहे.

तापत्या हवामानात टुंड्रात अनेक ठिकाणी झुडपे वाढली आहेत. झाडांची सीमा तितक्या वेगाने सरकत नाही, कारण बी पिकून रोप तगायला लागोपाठ काही चांगले उन्हाळे लागतात.