पालेर्मोच्या बाजारातील खाद्यनामे आणि इतिहास

सिसिलीतील पालेर्मो नगरीत वाटाड्यासमवेत पायी हिंडून रस्त्यावरील खाद्यपदार्थ चाखण्याचा प्रघात आता रूढ झाला आहे. बाल्लारो, कापो व वुच्चिरिया या जुन्या बाजारांतून जाताना पदार्थागणिक वंशकथा ऐकावयास मिळते. या कथांना इतिहास म्हणावे काय, एवढाच येथे प्रश्न आहे.

‘आरांचिना’ हा भाताचा तळलेला गोळा अरब राजवटीचा वारसा मानला जातो. पालेर्मो इ. स. ८३१ मध्ये अरबांच्या हाती आले व १०७२ मध्ये नॉर्मनांनी ते जिंकले, हे खरे. या नामाचे मूळ नारिंगाच्या इटालियन नावात आहे, हेही खरे. ते नाव संस्कृत ‘नारङ्ग’पासून फारसी व अरबी यांच्या द्वारा युरोपात पोचले; मराठी ‘नारिंग’ त्याचेच सगोत्र होय. तथापि ब्यून्दीच्या १८५७ च्या सिसिलियन कोशात या नावाचा जो पदार्थ आढळतो, तो नारिंगाच्या आकाराचा गोड भात आहे. आजच्या मांसाच्या सारणातील टोमॅटो तर अमेरिकेतून, म्हणजे १४९२ नंतर, आलेला.

‘वुच्चिरिया’चा अर्थ आज स्थानिक बोलीत ‘गलका’ असा होतो. मुळात मात्र तो शब्द फ्रेंच ‘बूशरी’, अर्थात मांसविक्रीचे दुकान, यावरून आला.

सारांश, शब्दाची वंशावळ ही वस्तूची वंशावळ नव्हे. शब्द लोकसंपर्काची साक्ष देतो. पाककृतीचा काळ ठरविण्यास लिखित दाखलाच हवा. वाटाड्याची कथा आवडीने ऐकावी, परंतु या दोन साक्षी वेगळ्या ठेवून.