दारावरचा 6

आज गिअरबॉक्सची एक उलटी गोष्ट.

17 एप्रिल 1964 ला फोर्डने अमेरिकेत मस्टँग विकायला काढली. साध्या मस्टँगला तीन गिअरचा मॅन्युअल यायचा. ऑटोमॅटिक हवा तर जास्तीचे पैसे. क्लचची कटकट नको म्हणून लोकांनी ते मोजलेही. आज त्याच गाड्यांचे मालक क्लच परत बसवायला पैसे मोजतात!

आणि नुसता गिअरबॉक्स बदलून भागत नाही बरं का. टॉर्क कन्व्हर्टर आणि पातळ फ्लेक्सप्लेट निघते. जड फ्लायव्हील, क्लच, नवं बेल हाउसिंग येतं. ब्रेकचं रुंद पेडल जाऊन तिथे दोन पेडल. क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकात पायलट बुश बसवायचा. एवढासा तुकडा, पण विसरलात तर अख्खा गिअरबॉक्स परत खाली उतरवा.

आता खरी गंमत. 1965 च्या मस्टँगच्या ड्रायव्हरच्या दारावर पत्र्याची एक पट्टी असते. तिच्यावर ऑटोमॅटिकचा कोड 6, चार गिअरच्या मॅन्युअलचा 5. खाली काहीही बसवा, दारावर 6 च राहतो. तशी नवी पट्टी बनवूनही मिळते, पण ते मला पटत नाही. कमिट हिस्टरी खोडण्यासारखंच झालं ना ते! गाडी बिनधास्त बदला. फक्त काढलेला गिअरबॉक्स भंगारात घालू नका, आणि गाडी विकाल तेव्हा तोही सोबत द्या.