विष काढून घेतलेला जंतू

तिकोणा पेठेतून गड चढणाऱ्यांच्या सॅकमध्ये हल्ली राजमा, दाल माखनीची तयार पाकिटं असतात. गरम पाण्यात टाका, फोडा, खा. जुन्या काळी गडांवरच्या अंबारखान्यात साठायचं ते कोरडं धान्य. ओल नाही, त्यामुळे जंतूंचं फारसं काही चालायचं नाही. लोणच्याला आंबटपणा आणि मीठ राखतं. पाकिटातला राजमा मात्र ओला, फारसा आंबट नसलेला, आणि आत हवा नाही. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूला नेमकं हेच लागतं.

त्याचे बीजाणू मातीत असतात आणि उकळत्या पाण्यातही तासन्‌तास तग धरतात. हवा नसलेल्या जागी ते रुजले की विष तयार होतं. नसांकडून स्नायूंना जाणारा निरोप ते तोडतं. माणूस शुद्धीवर असतो, पण श्वास थांबत जातो.

1919 मध्ये कॅलिफोर्नियात डबाबंद केलेल्या ऑलिव्हमुळे ओहायो आणि मिशिगनमध्ये माणसं मेली. डबेवाल्या कंपन्या हादरल्या. एस्टी आणि मेयर यांनी कोट्यवधी बीजाणू तापवून 1922 मध्ये आकडे मांडले. त्यावरून पुढे नियम बसला: 121 अंश सेल्सिअसला सुमारे अडीच मिनिटं, म्हणजे बीजाणू एक लाख कोटी पटींनी कमी. आपल्या राजम्याचं पाकीटही याच हिशेबाच्या भरवशावर आहे.

पण कारखान्यातलं यंत्र खरंच तेवढं तापवतं का, हे तपासायचं कसं? खरा जंतू खाद्यकारखान्यात नेणं म्हणजे वेडेपणा. म्हणून चुलतभाऊ शोधला. खराब झालेल्या मक्याच्या डब्यातून 1927 मध्ये मिळालेला, पीए 3679 नावाचा क्लॉस्ट्रिडियम स्पोरोजेनिस. विष बनवत नाही आणि उष्णतेला जास्त चिवट, त्यामुळे तो मेला तर दुसरा नक्की मेला. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला मॉक म्हणू. उष्णतेपुरता हा मॉक उत्तम. पण मीठ कमी केलं, नायट्राइट काढलं, पदार्थ नुसता फ्रिजवर सोडला, तर चुलतभावाचं वागणं मूळ जंतूसारखंच असेल याची हमी कोण देणार?

मग मूळ जंतूतूनच विष काढलं तर? यात अशक्य काही नाही, हे निसर्गानंच उलट्या बाजूनं दाखवलं होतं. सप्टेंबर 1996 मध्ये, आपल्या शेजारच्या गुजरातेत, एका निवासी शाळेतली 34 मुलं आजारी पडली. तीन दगावली. संशय शेवेवर होता, आणि त्यात सापडला बोट्युलिनम नव्हे, तर क्लॉस्ट्रिडियम ब्युटिरिकम. एरवी साधा समजला जाणारा हा जंतू, पण त्याच्याकडे बोट्युलिनमच्या विषाचं जनुक होतं. म्हणजे जंतूचं नाव एक, धोका दुसरीकडे. जनुक इकडून तिकडे जाऊ शकतं, तर ते बंदही पाडता येईल.

क्लॉस्ट्रिडियमच्या जनुकांत हात घालणं फार काळ जिकिरीचं होतं. 2007 मध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठातून क्लॉसट्रॉन नावाचं तंत्र आलं. हव्या त्या जनुकाच्या मधोमध डीएनएचा एक तुकडा घुसवायचा, की ते जनुक निकामी. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या गटानं हे तंत्र बोट्युलिनमच्या 62ए या वाणावर वापरलं आणि 2010 मध्ये निकाल छापला: विष बनत नाही, वाढ मात्र मूळ जंतूसारखीच. अन्नाच्या चाचण्यांसाठी त्यांना हेच हवं होतं.

मला इथे एक गोष्ट खटकते. जनुकात तुकडा घुसवणं म्हणजे कोडची ओळ कॉमेंट करणं. ती पुसलेली नाही. तुकडा टिकतो, असं त्या गटाला आढळलं. तरीही कारखान्यात नेण्याआधी मला ती ओळ पूर्ण डिलीट केलेली बघायला आवडेल.

आपल्याकडे जनुक बदललेल्या जंतूंना 1989 चे नियम लागू होतात, त्यामुळे असा वाण आणला तरी परवानगीशिवाय हात लावता येणार नाही. हे ठीकच. पण याची खरी गरज मोठ्या कंपन्यांपेक्षा उसळीची, आमटीची पाकिटं बनवू पाहणाऱ्या छोट्या उद्योजकाला आहे. मीठ थोडं कमी करून पाहायचं असेल, तर खऱ्या बोट्युलिनमवर चाचणी करणारी प्रयोगशाळा त्याला परवडणारी नाही.