मासळीची घरगुती हाताळणी
बाजारातून आणलेली मासळी ताटात वाढेपर्यंत निर्धोक राखण्याची पद्धत. ठाण्याच्या खाडीकाठी वसलेल्या बाळकुमसारख्या गावांत तिला विशेष महत्त्व आहे. ताज्या मासळीचे कल्ले लालभडक, डोळे फुगीर असतात; अंग बोटाने दाबल्यास खळगा राहत नाही. ५ ते ६० अंश सेल्सियसदरम्यान जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून मासळी साफ करून लगेच शिजवावी किंवा फ्रिजमध्ये झाकून ठेवावी. बांगडा उबेत राहिल्यास त्यात हिस्टामीन हे अपायकारक द्रव्य तयार होते. ते शिजवूनही नष्ट होत नाही. विळी, पाट व हात साबणाने धुतल्याशिवाय कोशिंबीर चिरू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित अन्नाच्या पंचसूत्रीनुसार अन्न आतपर्यंत ७० अंशांना शिजवावे; उरलेले कालवण २ तासांत फ्रिजमध्ये ठेवावे.