भटकर, विजय पांडुरंग

(११ ऑक्टोबर १९४६– ). भारतीय संगणकशास्त्रज्ञ व ‘परम’ महासंगणक मालिकेचे प्रवर्तक. जन्म अकोला जिल्ह्यातील मुरंबा येथे. दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून पीएच.डी. (१९७२). अमेरिकेने भारताला महासंगणक विकण्यावर निर्बंध घातल्यामुळे १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक) स्थापन झाले. भटकर त्याचे संस्थापक कार्यकारी संचालक होते. या केंद्राच्या ‘परम ८०००’ (१९९१) मध्ये प्रत्येक ट्रान्सप्युटरला (प्रक्रियक चिपला) स्वतंत्र स्मृती व शेजारच्या चिपांशी जोडणारे चार दुवे होते. मोठे गणित विभागून अनेक चिपांवर एकाच वेळी सोडविले जाई (पहा : समांतर संगणन). ‘परम १००००’ची (१९९८) कमाल क्षमता सेकंदाला १०० अब्ज गणितक्रिया होती. या मालिकेमुळे महासंगणकाच्या आरेखनाची क्षमता देशात निर्माण झाली. पद्मश्री (२०००), पद्मभूषण (२०१५).