यंत्रभंजकांचें गाऱ्हाणें

विज्ञानानें मनुष्याचें कल्याण केलें कीं अकल्याण, हा प्रश्न शाळा-कॉलेजांच्या वक्तृत्वसभांत वर्षानुवर्षें घातला जातो, आणि प्रत्येक वेळीं त्याचें उत्तर ठराविक सांच्यांतून निघतें. एक पक्ष आगगाडी, वीज आणि औषधें यांची नामावळी वाचतो. दुसरा पक्ष तोफा, विषारी वायु आणि अणुबॉंब यांची. दोन्ही याद्या खऱ्या असतात, म्हणूनच त्यांतून निर्णय निघत नाहीं. अशा व्यापक प्रश्नाला हात घालण्याचा त्यांतल्या त्यांत बरा मार्ग म्हणजे इतिहासांतील एखादें प्रकरण घेऊन टीका कोणीं केली, कशावर केली, ती कितपत खरी ठरली आणि तिचें पुढें काय झालें, हें पाहणें. इंग्लंडांतील यंत्रभंजकांचें प्रकरण या दृष्टीनें मोठें बोधप्रद आहे. इंग्रजी भाषेंत त्यांना 'लडाइट' म्हणतात, आणि आज तो शब्द एक शिवी होऊन बसला आहे. नव्या यंत्राविषयीं जो कोणी शंका काढील, त्याला हें नांव चिकटवून गप्प बसविण्याची चाल पडली आहे. ज्यांच्यापासून हें नांव निघालें, ते लोक खरोखर इतके अडाणी होते काय?

१८११ सालच्या मार्च महिन्याच्या ११ तारखेला नॉटिंगहॅम शहराजवळच्या आर्नल्ड या गांवीं कांहीं कारागीर रात्रीं एकत्र जमले, आणि त्यांनीं पायमोजे विणण्याचे साठांवर माग मोडून टाकले. पुढील वर्षभरांत त्या परगण्यांत मोडलेल्या मागांची संख्या हजारांच्या घरांत गेली. धमकीच्या पत्रांवर 'नेड लड' किंवा 'सेनापति लड' अशी सही असे. असा पुरुष खरोखर कधीं होऊन गेला, याला पुरावा नाहीं. पूर्वीं कधीं एका पोरानें रागाच्या भरांत माग मोडला होता, अशी एक दंतकथा त्या भागांत प्रचलित होती. तिच्यांतला पोर आतां सेनापति झाला, आणि रॉबिन हूडच्या शेरवुड अरण्यांत त्याची कचेरी असल्याचें पत्रांतून जाहीर होऊं लागलें.

आतां या प्रकरणांतील पहिली आश्चर्याची गोष्ट ही, कीं जे माग मोडले गेले ते नवे नव्हते. पायमोजे विणण्याचा माग विल्यम ली नांवाच्या एका पाद्र्यानें १५८९ सालीं, त्याच नॉटिंगहॅमशायरमधील कॅल्व्हर्टन गांवीं शोधून काढला होता. एलिझाबेथ राणीनें हातानें विणणाऱ्या गरिबांचें पोट जाईल म्हणून लीला सनद नाकारली, अशी कथा सांगतात. ती कशीहि असो. १८११ सालापर्यंत या मागाला दोन शतकें उलटून गेलीं होतीं, आणि तो मोडणारे लोक पिढ्यान्-पिढ्या त्याच्यावरच पोट भरीत आले होते. मग त्यांचें गाऱ्हाणें कशाचें होतें?

गाऱ्हाणें मागाचें नव्हतें, मागाच्या वापराचें होतें. बहुतेक कारागिरांचे माग स्वतःचे नसत. व्यापारी ते भाड्यानें देई, आणि काम असो वा नसो, भाडें मजुरींतून कापून घेई. कांहीं व्यापाऱ्यांनीं आणखी एक युक्ति काढली. पायमोजा पायाच्या आकाराप्रमाणें विणण्याऐवजीं रुंद मागावर सरसकट कापड विणावें, तें कातरीनें कापून शिवावें आणि पायमोजा म्हणून विकावें. असला माल स्वस्त पडे, पण शिवण लवकर उसवे, आणि चांगल्या मालाचीहि पत जाई. शिवाय सात वर्षें उमेदवारी करून तयार झालेल्या कारागिराच्या जागीं अर्धवट शिकलेलीं पोरें बसवून मजुरी पाडली जाई. याच वेळीं नेपोलियनशीं युद्ध चालूं होतें. सरकारनें घातलेल्या निर्बंधांमुळें अमेरिकेचा व्यापार तुटला होता. पिकें बुडून धान्य महागलें होतें. मजुरी उतरत आणि भाकरी चढत अशा कात्रींत हीं घरें सांपडलीं होतीं.

यंत्रभंजक घरांत शिरत तेव्हां ते दिसेल तो माग फोडीत सुटत नसत. जो व्यापारी कापून शिवलेला माल काढी किंवा ठरलेल्या दरापेक्षां कमी मजुरी देई, त्याचे माग फोडले जात. त्याच खोलींत शेजारीं असलेला, रास्त दरानें चालणारा माग पुष्कळदां जसाच्या तसा राही. अडाण्यांची झुंड अशी निवड करीत नसते.

मग त्यांनीं सरळ मार्गानें दाद कां मागितली नाहीं, असें विचारलें जाईल. त्याचें उत्तर कायद्याच्या पुस्तकांतच आहे. १७९९ आणि १८०० सालच्या कायद्यांनीं मजुरीसाठीं कामगारांनीं एकत्र येणें हाच गुन्हा ठरविला होता. तरीहि ग्रॅव्हनर हेन्सन नांवाच्या कारागिरानें १८१२ सालीं हजारों सह्या गोळा करून पार्लमेंटपुढें बिल आणविलें. कॉमन्स सभेनें तें पुष्कळ कापछाट करून कां होईना, मंजूर केलें. उमरावांच्या सभेनें फेटाळून लावलें. जुन्या कायद्यांत कारागिराला जें थोडें संरक्षण होतें, तेंहि पुढील दोन वर्षांत गेलें. १८१३ सालीं मजुरी ठरविण्याचीं आणि १८१४ सालीं उमेदवारीचीं कलमें रद्द झालीं. ज्याला कायद्यानें बोलूं दिलें नाहीं, तो घणानें बोलला.

यॉर्कशायरमध्यें प्रकार थोडा निराळा होता. तेथें लोंकरीच्या कापडावरील लव कातरून तें गुळगुळीत करणारे कारागीर असत. सुमारें ४० पौंड वजनाची कातर ते हातानें चालवीत, आणि मनगटावर पडलेल्या घट्ट्यावरून माणूस या धंद्यांतला आहे हें ओळखूं येई. त्यांच्या पोटावर पाय देणारें यंत्र मात्र खरोखरच नवें होतें. लव उभारणाऱ्या गिरणीला सहाव्या एडवर्ड राजाच्या काळापासून कायद्यानें बंदी होती, आणि कारागीर या जुन्या कायद्याकडे बोट दाखवीत. १८०९ सालीं पार्लमेंटनें तो कायदाच रद्द केला. मार्सडेन गांवच्या इनॉक टेलर या लोहाराच्या कारखान्यांत कातरयंत्रें तयार होत. आणि तीं फोडण्याच्या मोठ्या घणालाहि लोक 'इनॉक'च म्हणत. करणारा इनॉक आणि मोडणारा इनॉक, अशी ही त्यांची कडवट थट्टा होती.

१८१२ च्या एप्रिल महिन्यांत, ११ तारखेच्या रात्रीं, सुमारें दीडशें माणसें विल्यम कार्टराइट याच्या रॉफोल्ड्स येथील गिरणीवर चालून गेलीं. आंत कार्टराइट, त्याचे कांहीं नोकर आणि थोडे शिपाई बंदुका घेऊन तयार होते. हल्ला फसला, आणि दोन तरुण कारागीर गोळ्या लागून मेले. त्या महिन्याच्या २८ तारखेला विल्यम हॉर्सफॉल या गिरणीमालकाला भर रस्त्यावर गोळी घालून ठार मारण्यांत आलें. येथें यंत्रभंजकांच्या बाजूनें बोलणाऱ्यानेंहि थांबलें पाहिजे. माग फोडणें वेगळें आणि माणूस मारणें वेगळें. त्या खुनानंतर, तोंपर्यंत मनांतून त्यांना अनुकूल असलेल्या पुष्कळांचा पाठिंबा गेला. गाऱ्हाणें खरें असलें म्हणजे प्रत्येक कृत्य क्षम्य होतें, असें नाहीं.

सरकारचें उत्तर काय होतें? मजुरीची चौकशी झाली नाहीं; सुमारें १२,००० सैन्य त्या परगण्यांत पाठविण्यांत आलें. माग मोडणाऱ्याला पूर्वीं जास्तींत जास्त चौदा वर्षें काळ्या पाण्याची शिक्षा होती. १८१२ सालीं नव्या कायद्यानें ती देहान्ताची केली. या बिलावर २७ फेब्रुवारी १८१२ रोजीं उमरावांच्या सभेंत चोवीस वर्षांच्या कवि बायरननें आपलें पहिलें भाषण केलें. त्याची जहागीर नॉटिंगहॅमशायरमध्येंच होती, आणि तेथील हाल त्यानें डोळ्यांनीं पाहिले होते. उपाशी माणसाला फांशीचें भय घालून काय साधणार, असा त्याच्या भाषणाचा आशय होता. भाषणाची वाहवा झाली, आणि बिल मंजूर झालें. १८१३ च्या जानेवारींत यॉर्क येथें, हॉर्सफॉलच्या खुनाबद्दल तिघांना आणि इतर गुन्ह्यांबद्दल चौदांना, असें नऊ दिवसांच्या आंत सतरा माणसांना फांशीं देण्यांत आलें.

यंत्रांची बाजूहि येथें मांडली पाहिजे. नाहीं तर न्याय एकतर्फी होईल. यंत्रानें कापड स्वस्त झालें. ज्या गरिबाला पूर्वीं एक सदरा वर्षानुवर्षें पुरवावा लागे, त्याच्या नातवाला दोन-तीन मिळूं लागले. ज्यांचे धंदे बुडाले, त्यांच्या वंशजांना पुढें गिरण्यांत, आगगाड्यांवर आणि कचेऱ्यांत नवीं कामें मिळालीं. यंत्र आल्यानें काम कायमचें नाहींसें होतें, हें भाकीत त्या काळापुरतें तरी खरें ठरलें नाहीं. यंत्रांचा कैवार घेणारे या हिशेबावर बोट ठेवून विचारतात, कीं शेवटीं फायदाच झाला ना?

शेवटीं झाला, पण मधल्या काळाचें काय? ब्रिटनमध्यें यांत्रिक मागांची संख्या १८१३ सालीं सुमारें २,४०० होती, ती १८३३ सालीं सुमारें एक लाखावर गेली. त्याच काळांत हातमागावर पोट भरणारे विणकर दोन लाखांवर होते. त्यांची मजुरी एका पिढींत उतरत उतरत अर्ध्याच्याहि खालीं आली, आणि कित्येक घरें उपासमारीनें खंगलीं. कमींत कमी मजुरी ठरवून द्यावी, ही त्यांची मागणी पार्लमेंटनें १८०८ सालींच नाकारली होती. म्हणजे जमाखर्चाची वही एकच असली तरी जमा एकाच्या नांवावर आणि खर्च दुसऱ्याच्या नांवावर पडला. बापाच्या उपासाची भरपाई नातवाच्या सदऱ्यानें होत नाहीं. ही गोष्ट अर्थशास्त्राच्या एका थोर पंडितानेंहि मान्य केली. डेव्हिड रिकार्डो हा यंत्रें सर्वच वर्गांना हितकर असतात असें प्रथम मानीत असे. परंतु १८२१ सालीं आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तींत त्यानें यंत्रांवर एक नवें प्रकरण घातलें, आणि मजुराच्या जागीं यंत्र आणणें मजुराला पुष्कळदां अत्यंत अपायकारक होतें, हें मजुरांचें मत चुकीच्या समजुतीवर आधारलेलें नाहीं, असा स्वच्छ कबुलीजबाब दिला. फांशीं गेलेल्यांच्या बाजूनें ही साक्ष आठ वर्षें उशिरां आली.

तथापि विज्ञानावरील प्रत्येक टीका अशीच साधार असते, असें समजणें चुकीचें होईल. त्याच देशांत, त्याच सुमारास दुसरी एक ओरड चालली होती. एडवर्ड जेनरनें १७९६ सालीं गाईच्या देवीची लस टोंचून माणसाला देवीच्या रोगापासून वांचवितां येतें हें दाखविलें. त्यावर पुष्कळांनीं गहजब केला. जनावराचा रोग माणसाच्या अंगांत घालणें म्हणजे माणसाचें जनावर करणें, असें सांगण्यांत येई. १८०२ सालीं जेम्स गिलरे या चित्रकारानें लस टोंचलेल्यांच्या अंगांतून गाई बाहेर पडतांनाचें व्यंगचित्र काढून या भीतीची खिल्ली उडविली. त्याच १८०२ च्या जून महिन्यांत मुंबईंत एका तीन वर्षांच्या मुलीला लस टोंचण्यांत आली, आणि तेथून तिचा हिंदुस्थानांत प्रसार झाला. माणसें गाई झालीं नाहींत. उलट १९८० सालीं देवीचा रोग पृथ्वीवरून नष्ट झाल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें जाहीर केलें. एका टीकेच्या मागें भोगलेला अनुभव होता, दुसरीच्या मागें केवळ कल्पनेंतली भीति होती. टीका विज्ञानावर आहे एवढ्यावरून ती खरी किंवा खोटी ठरत नाहीं. तिचा आधार तपासावा लागतो.

यंत्रभंजकांचा आधार पक्का होता, याचा सर्वांत मोठा पुरावा पुढील कायद्यांतच सांपडतो. कामगारांनीं एकत्र येण्याची बंदी १८२४ सालीं उठली. १८३३ सालच्या कायद्यानें कापडगिरण्यांत नऊ वर्षांच्या आंतील मुलांना कामावर घेणें बंद झालें आणि सरकारी तपासनीस नेमले गेले. १८४७ सालीं स्त्रिया व अल्पवयी मुलें यांच्या कामाचे तास दहावर आले. पायमोजे विणणाऱ्यांच्या मजुरींतून मागाचें भाडें कापण्याची चालहि अखेर १८७४ सालीं कायद्यानें मोडली. एका पिढीला जें मागितल्याबद्दल बंदुका दिसल्या, तेंच पुढच्या पिढ्यांना कायदा म्हणून मिळालें. यंत्रें राहिलींच, यंत्रांच्या मालकांवर मात्र बंधन आलें.

या कथेचा एक धागा हिंदुस्थानापर्यंत येतो. लॅंकेशायरच्या ज्या यंत्रानें तेथील हातविणकराला उपाशी मारलें, त्याच्याच मालानें पुढें येथील साळी-कोष्ट्यांचे माग थंडावले. मुंबईंत कावसजी नानाभाई दावर यांच्या गिरणीची १८५४ सालीं स्थापना झाली, आणि तेव्हां त्या यंत्राबरोबर त्याचे दोषहि आले. येथें मात्र नारायण मेघाजी लोखंडे यांनीं घण उचलला नाहीं. १८८४ सालीं त्यांनीं गिरणी-कामगारांची सभा भरवून आठवड्याची सुटी, दुपारची विश्रांति आणि वेळेवर पगार मागितला. १८९० च्या जूनपासून रविवारची सुटी सुरू झाली. महात्मा गांधींनीं १९०९ सालच्या 'हिंद स्वराज्य' या पुस्तकांत यंत्रांवर घणाघाती टीका केली. पण १९२४ सालीं त्यांनींच स्पष्ट केलें, कीं आपला विरोध यंत्राला नसून यंत्राच्या वेडाला आहे, आणि शिवणयंत्राला त्यांनीं खुशाल सूट दिली. नीट पाहिलें तर आर्नल्डच्या कारागिरांचें म्हणणें याहून फार निराळें नव्हतें.

आज लिहिणारीं, चित्रें काढणारीं आणि हिशेब करणारीं यंत्रें आलीं आहेत, आणि त्यांच्यावर टीका करणाऱ्याला पुन्हां तेंच जुनें नांव मिळत आहे. त्या टीकेंतली कोणती गिलरेच्या चित्रांतल्या गाईंसारखी ठरेल आणि कोणती विणकराच्या उपासासारखी, हें तपासून ठरवावें लागेल. पण तपासण्यापूर्वींच टीकाकाराचें तोंड बंद केलें, तर काय होतें, हें यॉर्कच्या फांशीच्या खांबांनीं एकदां दाखविलें आहे. यंत्र कुणाचें काम वांचवितें, हें यंत्र विकणारा सांगतच असतो. तें कुणाची भाकरी नेतें, हें ज्याची जाते त्यालाच सांगावें लागतें; आणि तें ऐकून घेणें हें समाजाचें कर्तव्य आहे.